वीस घोट्यांचे दस्तगीरभाई

दस्तगीरभाईंनी माझा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो आमची ओळख झाल्यावर चौथ्या वर्षी. तोवर त्यांच्या लेखी मी म्हणजे दोन पाय होतो, आणि त्यातला डावा जरा आत पडणारा. रस्त्यात समोरासमोर आलो की त्यांची नजर माझ्या चपलेपासून निघायची, घोट्यापर्यंत यायची आणि तिथंच मुक्काम ठोकायची. गुडघ्याच्या वरही माणूस असतो, ही त्यांच्या दृष्टीनं ऐकीव माहिती होती.

"काय शिट्टीवाले, डावा अजून आत पडालाय की!" हा त्यांचा नमस्कार.

राजारामपुरीत आमच्या बास्केटबॉलच्या कोर्टासमोर त्यांचं दुकान. काम रिक्षाची हुडं शिवण्याचं. आता कोल्हापुरात रिक्षा ही काही नुसती रिक्षा नसते. लेक सासरी पाठवताना नटवणार नाहीत इतकी लोक तिला नटवतात. दस्तगीरभाई त्या नटवणाऱ्यांचे सरदार. त्यांच्या हुडाखाली बसलेला एक माणूस भर महापुराच्या पावसात इतका कोरडा घरी पोचला की बायकोनं "आधी सांगा होता कुठं" म्हणून दारातच उभा केला, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो. माझ्या बोलण्यातलं चार आणे तुम्ही वजा धरत चला; बाकीचं बारा आणे मात्र देवाशपथ खरं.

मी दिवसा बँकेत चिकटलेला आणि संध्याकाळी मुलींच्या संघाचा कोच. मला शिकवायला काय येत होतं ते विचारू नका. शिट्टी माझी स्वतःची होती, एवढ्यावर मी कोच झालो, आणि म्हणूनच दस्तगीरभाईंनी माझं नाव कधी विचारलं नाही.

माणूस काय, जनावराचासुद्धा पाय ते सोडायचे नाहीत. एकदा दुकानासमोरून वरात चालली होती. बँड लागलेला, नवरदेव घोड्यावर, समोर मित्रमंडळी रस्त्यावर लोळण घेतायत. दस्तगीरभाई तोंडात सुई धरून उठले आणि थेट घोड्यापुढं आडवे झाले.

"थांबवा! उजवा मागचा गेलाय ह्याचा."

नवरदेवाचा मामा खवळला. "ओ चाचा, मुहूर्त चाललाय! बाजूला व्हा!"

"मुहूर्त चालू दे की. घोडं चालंना झालंय त्याचं काय?"

कुणी ऐकलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर घोडा बसला. पडला नाही, घसरला नाही. पाहुणा सतरंजीवर बसतो तसा शांतपणे बसला, आणि नवरदेव मंडपात मामाच्या स्कूटीवरून पोचला. त्या दिवसापासून गल्लीत दस्तगीरभाईंच्या शब्दाला डॉक्टरच्या चिठ्ठीइतकं वजन आलं.

आमच्या संघाचा आणि त्यांचा संबंध आला तो एका ब्रेसमुळं. त्या हंगामात एका आठवड्यात चार मुलींचे घोटे मुरगळले. चारही वेळा तीच गोष्ट: रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेल्या चेंडूसाठी, उंच उडी मारायची आणि खाली येताना दुसरीच्या बुटावर पाय पडायचा. पाय आत वळला की झालं. मग जवळच्या तालमीतले वस्ताद यायचे, कढत तेल लावून घोटा असा काही पिळायचे की मुलगी बोंब मारायची ती तीन गल्ल्यांत ऐकू जायची. मुरगळलेला पाय तसाच राहायचा; वस्तादांची भीती तेवढी वाढायची. पाचवी मुलगी पडली तेव्हा ती "वस्तादांना बोलवू नका" असं ओरडत दुखऱ्या पायानं पळून गेली.

शेवटी एकीच्या आत्तेभावानं पुण्याहून घोट्याचा ब्रेस पाठवला. चांगला, नाड्या आणि पट्टे असलेला. पण एकच, आणि तोही उजव्या पायाचा. दहा मुलींत एक ब्रेस. जी रिबाउंडला जायची तिनं घालायचा, असं ठरलं. पण रिबाउंड काय आधी निरोप पाठवून येतो? मुली कोर्टाच्या कडेला ब्रेसची खोखोसारखी अदलाबदल करायच्या आणि तोवर समोरच्या बास्केट करून घरी जायच्या. आठवड्यात पट्टा उसवला. मी तो शिवायला दस्तगीरभाईंकडं नेला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि बघता बघता पूर्ण उसवला. मी ओरडलो.

"अहो दस्तगीरभाई, पट्टा तेवढा शिवायचा होता!"

"शिट्टीवाले, ह्याच्यात हाय काय एवढं? हे तर रिक्षाचं हूड हाय. हे कापड, ह्या रिंगा, ही नाडी, आन् हे दोन पट्टे एकमेकाला काट मारून. माणसाच्या पायाला हूड चढवलंय बघा. दहा शिवतो."

दहा नव्हे, वीस शिवले. आणि शिवले कसे, तर हुडाच्याच कापडातून: लालभडक रेक्झिन, पिवळी पायपिंग, मागं रेडियमची पट्टी, आणि कप्तान तेजश्रीच्या ब्रेसला गोंडा. पहिल्याच सामन्यात रेफ्रींनी खेळ थांबवला. रेडियमवर दिवे चमकून त्यांना समोरून गाडी आल्यासारखं वाटत होतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. हुडाचं कापड पाणी आत येऊ देत नाही, तसं बाहेरही जाऊ देत नाही. सामना संपल्यावर मुलींनी ब्रेस काढून उलटे केले तर प्रत्येकातून पेलाभर घाम निघाला, आणि वास असा की समोरच्या भडंगवाल्यानं दुकानाचं शटर ओढून घेतलं.

दस्तगीरभाई खचले नाहीत. गल्लीच्या टोकाला फिजिओथेरपी करणाऱ्या देशपांडे मॅडम होत्या. त्यांच्याकडं ब्रेस घेऊन गेले. मॅडमनी कॅनव्हास वापरायला सांगितलं, पट्टे कुठून कुठं जावेत ते पायावर खडूनं काढून दाखवलं, आणि वर एक गोष्ट बजावली: ब्रेस हवाच, विशेषतः ज्यांचा घोटा आधी मुरगळलाय त्यांना, पण नुसत्या ब्रेसवर विसंबू नका, रोज एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा व्यायाम हवा.

झालं. त्या वाक्यानं आमची गल्ली बदलली. "ब्रेस म्हंजे हूड," दस्तगीरभाई मुलींना सांगायचे, "हूड हाय म्हणून डायव्हरनं ब्रेक सोडायचा असतोय व्हय गं?" आणि मग रोज दोन्ही पायांवर आळीपाळीनं उभं राहणं सुरू झालं. दात घासताना एका पायावर. बसची वाट बघताना एका पायावर. मिसळीची ऑर्डर दिली की कटाचा रस्सा येईपर्यंत एका पायावर. मुलींचं बघून त्यांच्या आया, आयांचं बघून भाजीवाल्या. बाहेरगावचे एक पाहुणे पत्ता विचारायला गल्लीत शिरले, तर इकडून तिकडून सगळी माणसं बगळ्यासारखी उभी. त्यांनी घाबरून आपलाही एक पाय उचलला आणि मगच पत्ता विचारला.

दस्तगीरभाईंची काम करायची एक रीत होती. माप टेपनं घ्यायचे नाहीत. प्रत्येकीच्या घोट्याभोवती मेणाचा दोरा फिरवायचा, जिथं टेकला तिथं गाठ मारायची आणि दोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. दहा मुली, वीस खिळे, वीस दोरे. कॅनव्हास ताणतं, म्हणून सामन्याआधी ते प्रत्येकीला समोर बसवून पुन्हा दोरा फिरवायचे, गाठ जुळली की मगच ब्रेसच्या नाड्या आवळायचे. "गाठ खोटं बोलत न्हाय," एवढं म्हणायचे आणि पुढचा पाय ओढायचे.

संघात सानिका म्हणून एक मुलगी होती. शाहूवाडीकडची, भाताच्या शेतातून आलेली, मावशीकडं राहून कॉलेज करणारी. उडी अशी, की वर गेली की आम्ही तिची वाट बघत उभे राहायचो. दस्तगीरभाईंचा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव, कारण तिचा उजवा घोटा आधी दोनदा मुरगळलेला. देशपांडे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "आता पुन्हा मुरगळला आणि तशीच खेळलीस, तर हा घोटा कायमचा सैल होईल. मग खेळ विसरायचा." विद्यापीठाच्या संघाची निवड चार महिन्यांवर होती. सानिकाला दुसरं काही नको होतं.

याच सुमाराला दस्तगीरभाई एका फौंड्रीत कँटीनच्या बाकांना रेक्झिन चढवायला गेले, आणि येताना डोक्यात एक भूत घेऊन आले. फौंड्रीच्या गेटवर म्हणे फळा होता: अपघाताशिवाय गेलेले दिवस, इतके. दुसऱ्याच दिवशी कोर्टावर एक फळा लागला: "घोटा न मुरगळता गेलेले दिवस". खाली खडूनं आकडा. रोज संध्याकाळी दस्तगीरभाई स्वतः जुना पुसायचे, नवा लिहायचे आणि दोन पावलं मागं सरून त्याच्याकडं असं बघायचे, जसं बाप पास झालेल्या पोराकडं बघतो.

चाळीसपर्यंत सगळं छान होतं. आम्ही जिंकतही होतो. साठला गल्लीला त्या आकड्याची नशा चढली. कोर्टाकडं येणारा रस्ता लोकांनी आपण होऊन झाडला. एका काकूंनी रांगोळी काढणं बंद केलं. का, तर मुली उडी मारून ओलांडतात. आणि सत्तरला मुलींनी उडी मारणंच बंद केलं! चेंडू रिंगवरून परत आला की आमच्या पाचही जणी अदबीनं मागं सरायच्या. "घे बाई तू," असं समोरचीला म्हणायचं तेवढं बाकी. एकेचाळीस विरुद्ध नऊ असे हरलो. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि दस्तगीरभाई फळ्यासमोर उभे. "शहात्तर, शिट्टीवाले! काटा किर्रर्र!"

"अहो, आपण हरलो!"

"हार आज हाय, उद्या न्हाय. घोटा जलमभर हाय." आणि हाताचा खडू झटकत ते दुकानाकडं गेले.

शंभराव्या दिवशी इचलकरंजीच्या मुलींशी आमच्याच कोर्टावर सामना होता. गल्लीनं ठरवलं, शतक साजरं करायचं. आमच्याकडं साजरं करणं म्हणजे आधी फ्लेक्स. वरच्या अर्ध्या भागात आमच्या भागातल्या भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. खाली संघाचे फोटो दस्तगीरभाईंनी स्वतः काढून छापखान्यात दिले होते, त्यामुळं त्यात एकाही मुलीचं तोंड नव्हतं. वीस घोटे होते. दोन ओळींत दहा-दहा, प्रत्येकाखाली नाव आणि डावा की उजवा. मधोमध मोठ्या अक्षरात "घोटा शतक महोत्सव". हलगीवाल्याला बजावून ठेवलेलं: भावी नगरसेवक फळ्यावर आकडा लिहितील, खडू फळ्यावरनं उचलला की सुरू करायचं, मागंपुढं बघायचं नाही.

फळ्यावर नव्व्याण्णव. खुर्च्या भरलेल्या. दस्तगीरभाई इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर दोऱ्यांचा जुडगा घेऊन एकेकीचा घोटा तपासत होते. सानिका कोर्टाच्या पलीकडून आली. सरळ, ताठ, पावलं मोजून टाकल्यासारखी. मला तर ती नेहमीपेक्षा झोकात वाटली. दस्तगीरभाईंचा हात मात्र थांबला.

"शिट्टीवाले, ही पोरगी आज कवायतीगत का चालालीया?"

"छान चालतेय की!"

"तेच म्हणतोय. दुखत नसलेला माणूस एवढं नीट कधी चालत न्हाय."

सानिका समोर बसली. "चाचा, मी घरनंच ब्रेस बांधून आलोय. ऱ्हाऊ द्या आज." आमच्याकडच्या मुली 'आलोय'च म्हणतात, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की तिनं पाय खुर्चीखाली घेतला.

"काढ."

"चाचा, मॅच सुरू व्हायलीया..."

"सुरू होऊ दे. काढ."

तिनं नाड्या सोडल्या. दस्तगीरभाईंनी दोरा फिरवला. गाठ टेकली नाही. दोऱ्याच्या दोन टोकांत चांगलं बोटभर अंतर. त्यांनी पुन्हा फिरवला, जणू दोराच आखडला असावा. पुन्हा बोटभर.

"कवा?"

"तीन दिस झालं," सानिका खाली बघत म्हणाली. "बसमधनं उतरताना. खेळताना न्हाय चाचा! मला वाटलं, ते मोजायचं नसतंय."

"मला का सांगितलं न्हाईस?"

तिनं मान वर न करता फळ्याकडं बोट केलं. "तुमचा आकडा गेला असता की."

दस्तगीरभाई उठले. भावी नगरसेवक खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभे, त्यांचा फोटोवाला नेम धरून तयार. दस्तगीरभाईंनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. माणसं कुजबुजायला लागली. काय झालंय ते कळल्यावर भावी नगरसेवक हळूच म्हणाले, "चाचा, उद्या पुसा की! पोरगी बसू दे बाजूला, आज फोटू तेवढा होऊन जाऊ दे."

"सायेब, तुमचा घोटा सुजलाय व्हय?"

"माझा? न्हाय."

"मग सरा जरा."

आणि त्या माणसानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं नव्व्याण्णव पुसले. एकदा, दोनदा, पार डाग जाईपर्यंत. मग फळ्याच्या मधोमध भलामोठा शून्य काढला आणि खडू उचलला.

तशी हलगी कडाडली. हलगीवाल्याचा काय दोष? खडू फळ्यावरनं उचलला की वाजवायचं, मागंपुढं बघायचं नाही. त्यानं डोळे मिटून असा काही ठेका धरला की मागची पोरं नाचायला लागली, कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फोडला, आणि आमच्या शून्याचा जो जल्लोष झाला तो शंभराचाही झाला नसता. भावी नगरसेवकांनी तेवढ्यात फोटो काढून घेतलाच. तो फोटो अजून आहे. हसरे साहेब आणि मागं शून्य.

हलगी थांबली तशी तेजश्री पुढं आली. गोंड्याशी चाळा करत म्हणाली, "चाचा, माझा पण मागल्या महिन्यात जरासा..." तिच्यामागून आणखी एक. मग तिसरी, डावा. त्यांतल्याच एकीनं वही काढून तारीखच सांगितली. हिशोब लावला तर आमचं शतक सोडा, सलग तीससुद्धा धड भरत नव्हते. दस्तगीरभाई खुर्चीत बसले. मला वाटलं आता हा माणूस मोडला.

"शिट्टीवाले," ते म्हणाले, "ह्या पोरी माझ्यापाशी पाय घिऊन यायच्या, त्या त्यो फळा बघून पाय लपवाय लागल्या. हूड शिवायला बसलो आन् भोकं पाडून ठेवली की वो मी."

मग त्यांनी चार दुखऱ्या घोट्यांना बाकावर बसवलं. उरलेल्या सहा जणींना पाठवताना एवढंच म्हणाले, "आता शून्य हाय. जायला काय उरलं न्हाय. उडा!"

आणि त्या उडाल्या. मी चार आणे वजा धरायला सांगितलं होतं ना, इथं धरू नका. गेल्या महिनाभराच्या साठवलेल्या सगळ्या उड्या त्यांनी त्या चाळीस मिनिटांत खर्च केल्या. शेवटच्या मिनिटाला आमची एक रिबाउंड घेऊन खाली आली ती थेट इचलकरंजीच्या मुलीच्या बुटावर. पाय आत वळला. गल्लीनं श्वास रोखला. ब्रेसचा पट्टा ताणला, कॅनव्हास करकरलं, आणि पोरगी उभी राहून पुढं पळालीसुद्धा. आम्ही दोन गुणांनी हरलो.

दस्तगीरभाईंनी ते बघितलंच नाही. ते सानिकाच्या पायापाशी बर्फाची पिशवी धरून बसले होते. सामना संपल्यावर माझ्याशेजारी येऊन टेकले आणि पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्या घोट्यावरून निघून गुडघा ओलांडून वर वर येत चेहऱ्यापर्यंत पोचली. चार वर्षांत प्रथमच. मी सावरून बसलो. काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं.

"व्हय हो, तुमाला मिशी हाय?"

"पहिल्यापासून आहे दस्तगीरभाई."

"अस्सं. बघायचं ऱ्हाऊन गेलं." मग जरा थांबून म्हणाले, "त्या पोरीचं तोंड रोज बघितलं असतं, तर दोरा लागलाच नसता बघा."

सानिकाची त्या वर्षीची निवड हुकली. ती रडली, आणि दस्तगीरभाईंनी तिला रडू दिलं. मग सूज उतरल्यावर मॅडमनी सांगितलेला प्रत्येक व्यायाम ते तिच्यासोबत करायचे. ती एका पायावर, हे एका पायावर, दुकानाच्या पायरीवर आमनेसामने. ते घोट्याकडं बघायचे नाहीत. तिच्या तोंडाकडं बघायचे, आणि भुवई जरा हलली की "दुखलं का गं?" पुढच्या वर्षी ती विद्यापीठाकडून खेळली. बाकीच्या मुलींनी कंपनीचे ब्रेस घेतले होते. तिच्या पायात कॅनव्हास होतं, पिवळ्या पायपिंगचं.

फळा त्यांनी उलटा करून कापड बेतायला घेतला. भिंतीवर सानिकाच्या उजव्याच्या खिळ्याला मात्र दोन दोरे राहिले, एक गाठ जुळणारा आणि एक बोटभर मोठा.

गेल्या वर्षी दस्तगीरभाईंनी दुकान आवरलं आणि लेकीकडं चंदगडला राहायला गेले. तिथं पाऊस इतका की हुडं शिवणाऱ्याला रिकामं बसायची सोय नाही, असं सांगून हसले. जायच्या दिवशी मी भेटायला गेलो. निघताना त्यांनीच त्यांच्या हातच्या शेवटच्या हुडाची रिक्षा थांबवून दिली. आत बसलो आणि वर बघितलं, तर डोक्यावर वीस घोटे. शतक महोत्सवाचा फ्लेक्स त्यांनी हुडाला आतून अस्तर म्हणून लावला होता. भावी नगरसेवक कुठंतरी सीटच्या मागं गेले होते, पण सानिकाचा उजवा बरोबर माझ्या कपाळावर होता.

रिक्षा सुटली. मागच्या छोट्या खिडकीतून मी वळून बघितलं. दुकानाच्या पायरीवर दस्तगीरभाई एका पायावर उभे, कपाळावर हात धरून टक लावून बघत होते. चार वर्षं चेहरा न बघणारा माणूस आज नजरेआड होईपर्यंत बघतोय म्हणून मी हात हलवला.

तेवढ्यात ते ओरडले, "शिट्टीवाले! डावं मागचं चाक आत पडालंय!"

रिक्षावाला हसला. "चाचांचं आपलं काहीतरी. कालच गाडी दाखवून आणलीया."

पुढच्या कोपऱ्यावर, जिथं घोडा बसला होता बरोबर तिथं, आम्ही दोघंही खाली उतरलो. तो जॅक शोधायला लागला. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी एक पाय उचलला आणि उभा राहिलो. डावा आधी.